एक बोट उजळ

ता. ४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मारहाण झालेल्यांचे हॉस्पिटलात काढलेले फोटो आमच्या ऑफिसात येतात आणि नीट होऊन कोर्टात जातात. एका फाइलीत तीन लेयर, म्हणजे एकावर एक थर: खाली माणूस, त्यावर मोजपट्टी, त्यावर जखम जवळून. प्रत्येक लेयरचा उजेड हाताने सारखा करताना डोळे जायची वेळ यायची. म्हणून मी कॉम्प्युटरसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. एकदा चालवली की ती सगळ्या लेयरवर फिरते आणि गडद भाग उजळते. महिन्याचं काम दुपारच्या चहाआधी संपलं. साहेब म्हणाले, पोरगी कुठे शिकली? मी म्हटलं, बाबांच्या स्टुडिओत.

आईला सांगा, वेळेवर जेवते.

तुमची,
खारूटी

ता. ९ मार्च

चि. खारूटीस, अनेक आशीर्वाद.

स्क्रिप्ट म्हटल्यावर आईने विचारलं, नाटकात घेतलं का हिला? फोटो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी चेहरा एक बोट उजळ करायचा, हे माझं सांगणं तू विसरली नाहीस. बरं वाटलं.

मला यातलं कळत नाही, तरी विचारतो. आपल्याकडे माणसं हसत यायची. तुझ्याकडच्यांच्या अंगावर काळंनिळं असणार. ते तुझ्या यंत्राला सावलीपेक्षा वेगळं ओळखता येतं ना?

डोळ्यांना जप.

बाबा

ता. १४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

नाही येत.

तुमचं पत्र वाचून डबा तसाच ठेवला आणि फाइली उघडल्या. एका बाईच्या गळ्यावर नवऱ्याच्या चार बोटांचे वळ होते. कोर्टात गेलेल्या फोटोत गळा नवरीसारखा स्वच्छ आहे. जखमेचा लेयर सोडून दे, एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती. मला ती सुचलीच नाही, बाबा. उजळणं म्हणजे चांगलंच, असं हातात बसलंय.

तिची सुनावणी सोमवारी झाली. फोटोत काही दिसत नाही म्हणून कोर्टाने नवऱ्यापासून संरक्षण नाकारलं आणि तिला घरी जायला सांगितलं. साहेब म्हणाले, कुणाच्या लक्षात आलेलं नाही, गप्प बस. मी चूक लिहून सही केली आणि मूळ फोटोंसकट तिच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, अर्ज पुन्हा करता येईल, पण त्यावर तिची सही लागेल, आणि तिचा फोन मंगळवारपासून बंद आहे. पोलीस घरी जाऊन आले. दाराला बाहेरून कुलूप आहे.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच. या वेळी देवाकडे तिच्यासाठी काही मागा.

तुमची