रक्तवाढीची डबी

रामनगर,
सोमवार, दुपार

प्रिय पूर्णी,

तुझा नवरा आत्ता माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसलाय. मीच बसवलंय. चारची गाडी येईपर्यंत चहा घ्या, तोवर पूर्णीला दोन ओळी लिहून देते, असं सांगितलं. दोन ओळी म्हणता म्हणता दोन पानं फाडून झाली, हे तिसरं. तुझ्या सासूबाईंच्या फोनवर बोलायचं तर तुला रेंजसाठी फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं आणि निम्मी वाडी ऐकते, म्हणून कागद घेतला. गिऱ्हाईक आलं की उठते, परत येऊन बसते, कुठवर आले होते तेच विसरते. अक्षराला हसू नकोस.

बातमी कळली बरं का. दोन महिने झाले आणि बहिणीला पत्ता नाही! गुरुदासनं सांगितली ती पण खाली बघत, काउंटरच्या काचेवर बोट घासत. पेढे कुठले असणार दुकानात, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीतल्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या, तर त्यानं त्याही खिशात घातल्या, तुझ्यासाठी. चांगला आहे गं तो. कुळगीच्या कॅम्पात पाहुण्यांना जंगल दाखवून दाखवून बोलायला शिकला असेल म्हणावं, तर घरच्या गोष्टीला अजून अडखळतो. मला खूप आनंद झाला, हे आधी लिहून ठेवते. कारण पुढच्याच क्षणी त्यानं पिशवीतून ती डबी काढली.

"अक्का, आशाताई म्हनली, पोटुशीनं रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायच्याच. पर ह्या बघा, गुळावानी झाल्यात. दुसऱ्या द्या की. परवा व्हाळावर पाय घसरून पडली, जीभ बी चावली. अंगात रक्तच न्हाई तिच्या."

पूर्णी, पाय घसरून कुणाची जीभ चावत नाही. हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

डबीत गोळ्या कसल्या, गोळा झालाय. तू चमच्यानं खरवडून घेत होतीस ना? किती घेतलीस, किती दिवस, ते नीट आठवून ठेव, डॉक्टर विचारतील. चूक तुझी नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात अव्वानं, आईच ती, डबी पुढं ठेवली आणि म्हणाली, पट्टीवर नाव असतंय, कोण तरी वाचतंय, सगळ्या सोडवून ह्यात भर, सासरी रक्तवाढीच्या म्हणून सांगू. आणि मी, दोन वर्षं डी.फार्म. शिकलेली बाई, अंगठ्यानं एकेक गोळी पट्टीतून फोडत बसले. ही गोळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून तिला पट्टीतून बाहेर काढायची नसते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. तुझ्या डबीत तेवढी ओल शोषणारी पुडी टाकली आणि मनाची समजूत घातली. तुमच्याकडच्या ओलीत भिंतीला शेवाळ धरतं, तिथं त्या पुडीचं काय चालणार होतं? दर महिन्याला मी तशीच डबी भरून पाठवत राहिले.

मगाशी एक म्हातारी पोटदुखीची गोळी घेऊन गेली. तिला सुट्टे पैसे जास्त दिले की कमी, आठवत नाही.

तुझी पहिली गोळी आठवते? फेनिटॉईन. हिरड्या सुजल्या आणि शाळेच्या फोटोत तू तोंड घट्ट मिटून उभी राहिलीस. मग पुन्हा फिट आली म्हणून डोस जरासाच वाढवला, तर तू अंगणात झोकांड्या खायला लागलीस. शेजारचे लखूतात्या कुंपणावरून म्हणाले, "पोर पिऊन आली व्हय गं?" अव्वानं त्यांच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. त्या गोळीचं तसंच असतं. लिव्हर एका मर्यादेपर्यंतच तिचा निचरा करतं, त्याच्यापुढं चिमूटभर जास्त झाली तरी रक्तात एकदम साठते. हे मला पुढं कॉलेजात कळलं आणि मी भर वर्गात रडले. सरांना वाटलं, धडा अवघड गेला. त्यानंतर तुला ही डबीतली व्हाल्प्रोएट मिळाली आणि पाच वर्षं तुला एकदाही फिट आली नाही. केस गळाले, अंग सुटलं, पण तू तोंड उघडून हसायला लागलीस.

आता नीट वाच. ही गोळी पोटातल्या बाळाला चांगली नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पाठीचा कणा जुळतो, तिथं ती घात करू शकते, पुढं बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही, बहुतेक बाळं नीट जन्मतात, पण धोका आहे आणि तो तुझ्यापासून लपवणार नाही. लग्न ठरलं तेव्हाच डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी सुरू करायला हवी होती. मला ते माहीत होतं. तू मला कधी विचारलं नाहीस, अव्वा दवाखान्याचं नाव काढू देईना, आणि मी जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या काढत राहिले. पण म्हणून घाबरून आज गोळी टाकून देऊ नकोस! एकदम बंद केली तर फिटांवर फिट येतात, त्यात तूही जाशील आणि बाळही. ह्या पाकिटात पट्ट्या आहेत, न फोडलेल्या. सकाळी एक, रात्री एक, घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची. पाण्याला एकटीनं जायचं नाही. चुलीपाशी एकटीनं बसायचं नाही.

बाहेर गुरुदास उठून उभा राहिलाय, रस्त्याकडं बघतोय. अजून वीस मिनिटं आहेत.

त्यानं मला आणखी एक विचारलं. डबी पुढं सरकवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, रागावू नगासा. तुमाला त्यो आजार हाय, ते आमाला लग्नाआधीच कळालं व्हतं. आमच्या लेकराला येईल काय त्यो?" मी म्हटलं, बहुतेक वेळा येत नाही, आणि आला तरी गोळ्यांनी आवरतो. तर त्याला माझीच काळजी. दुकानात एकट्या असता, फिट आली तर कोण धरणार, म्हणाला. मला हसू येत होतं.

मला आजवर एकदाही फिट आलेली नाही, पूर्णी. तुझ्याशिवाय आणि अव्वाशिवाय हे कुणाला माहीत आहे? बारा वर्षांपूर्वी बेळगावच्या दवाखान्यात आपण तिघी बाकावर बसलो होतो. समोर आपल्या खानापूरची फुलामावशी अर्धशिशीचं डोकं धरून, पण कान टवकारून बसलेली. कंपाउंडरनं पेशंटचं नाव विचारलं आणि अव्वाच्या तोंडून तुझ्याऐवजी माझं नाव गेलं. तिला तुझ्या लग्नाची काळजी, एवढंच. आत डॉक्टरांनी सुमंगला कोण म्हणून विचारलं, तेव्हा अव्वानं तुला पुढं ढकललं. तू माझ्याकडं बघितलंस. मीच मान हलवली. तेव्हापासून फाईलवर माझं नाव आणि वजन तुझं, फिटांच्या तारखा तुझ्या. मला बघायला आलेले तिघं खानापुरात चौकशी करून परत गेले. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते, कारण आज रागच आलाय. बाळंतपणात तुला काही झालं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात पूर्णिमा नावाचा एकही कागद नसेल.

म्हणून हे पत्र. बेळगावच्या दवाखान्यात गुरुवारी सकाळी दहाचा नंबर लावलाय. फोनवर नाव विचारलं, मी पूर्णिमा सांगितलं. नवा केसपेपर निघेल आणि तुझं नाव पुकारतील, तेव्हा गुरुदास शेजारी असायला हवा. त्याआधी तू त्याला सांग. मी सांगितलं नाही, सांगणारही नाही, आजार तुझा आहे. अव्वा रागावली तर ते मी बघेन. पाकीट चिकटपट्टीनं बंद करते, तो उघडणारा माणूस नाही. गाडी वळणावर आली वाटतं, हॉर्न ऐकू येतोय. दर वेळी खाली अक्का लिहिते. आज माझं नाव लिहिते. ते मला परत हवंय.

तुझीच,
सुमंगला