मोहरीचं माप

प्रिय चिमणे,

रोज सकाळी फोनवर बोलतोच, मग बाबांनी पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. सांगतो. आधी तुझ्या आईची खबर. तोंड उत्तम चालू आहे. काल माझ्या इस्त्रीला नावं ठेवली, परवा शेजारणीच्या नव्या पडद्यांना. म्हणजे माणूस ठणठणीत, प्रश्न आहे तो पायांचाच.

तू शिकवून गेलीस तसं इमानेइतबारे करतोय. तिने पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी माप. घोट्याच्या वर तू पेनाने केलेली खूण पुसट झाली की मी खडूने गिरवतो, शिंप्याच्या घरात दुसरं काय मिळणार! पहिल्या दिवशी मी सवयीने टेपखाली बोट घातलं, तेव्हा तू केवढ्याने ओरडलीस, "बाबा, पायजमा शिवायचा नाहीये, सैल कशाला ठेवताय?" आई इतकी हसली की माप पुन्हा घ्यावं लागलं. जन्माची सवय ती, बोट आपोआप जातं. हल्ली आईच माझ्या हातावर फटका मारते.

मग ते अंगठ्याचं. नडगीवर दाबून सोडायचं, खळगा किती खोल पडतो नि किती वेळ राहतो ते बघायचं. तुमच्या वॉर्डात त्याला एक ते चार दर्जे देतात म्हणालीस. आईचा तीन होता. मी बघत बसलो, खळगा काही भरेना. एवढ्या वर्षांत हिच्या ब्लाउजची शिवण कधी टोचू दिली नाही मी, आणि माझ्याच अंगठ्याचा खड्डा तिच्या पायात! चहा टाकायच्या निमित्ताने उठून गेलो होतो तो त्यासाठी. तुला कळलंच असेल म्हणा.

तू इथे होतीस तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्यांनी सूज उतरली तर घरीच राहू दे, नाहीतर हृदयासाठी दाखल करावं लागेल. आणि आईने तिथल्या तिथे मान हलवली होती, मी नाही यायची. म्हणून माप रोज अर्धा-अर्धा सेंटिमीटर उतरायला लागलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. तूही फोनवर किती खूश झालीस. डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यावर ढकलू या, असं तूच म्हणालीस.

पण चिमणे, एका मापावर कपडा बेतायचा नसतो. पॅंट शिवायची तर घोट्याजवळच्या घेराची मोहरी घेतली, मग गुडघाही घ्यावा लागतो. गेल्या मंगळवारी माझा हात असाच सवयीने वर गेला नि गुडघ्याखाली टेप फिरली. मोहरी उतरत होती आणि पहिल्या दिवशी टिपून ठेवलेल्या मापापेक्षा गुडघा वाढला होता! असा पाय मी आजवर बघितलेला नाही. त्यात ती चार दिवस मला अंगठा लावू देत नव्हती. दुखतं म्हणायची. मग नीट बघितलं, तर घोट्याच्या वर कातडीवर बारीक उभ्या रेघा उमटलेल्या. त्या रेघा मी ओळखणार नाही तर कोण? चार बोटं रुंदीचं, कमरपट्ट्यात घालतो ते माझंच इलॅस्टिक. रोलमधलं कमी कसं झालं म्हणून मी उंदरांना शिव्या देत होतो.

ती रात्री ते पायाला करकचून गुंडाळते आणि पहाटे काढून उशीखाली ठेवते. सूज उतरलेली नाही, नुसती वर सरकली आहे. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. भांडलो असतो तर तिने दुसरी काहीतरी युक्ती काढली असती, तुझीच आई ती. काल ती आंघोळीला गेली तेव्हा उशीखालचं इलॅस्टिक काढून घेतलं आणि त्याच रंगाचं, ताण गेलेलं जुनं ठेवून दिलं. रात्री तिने ते समाधानाने गुंडाळलं, आणि त्याने काहीच आवळलं नाही. त्यामुळे आज सकाळचं माप खरं आहे. तू गेलीस त्या दिवशीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. फोनवर तुला सांगितलं ते कालचं होतं, कारण मोबाइल तिच्या उशाशी असतो आणि कान माझ्या तोंडाशी.

म्हणून हे पत्र, कापडाच्या टेबलावर बसून लिहिलेलं. कुरिअरने उद्या मिळेल. मिळाल्याबरोबर निघ. रजा मिळाली म्हणून आले, असं सांग. तिला हॉस्पिटलची भीती वाटते असं आपण दोघं समजत होतो, तसं नाही. शेजारणीने मला सांगितलं ते ऐक. आई तिला म्हणाली, "मी तिकडे पडले तर हे दोन घास खायचे नाहीत, आणि विचारलं तर जेवलो म्हणून खोटं सांगतील." एवढ्यासाठी पाय आवळून घेत होती गं वेडी. आल्यावर तिचा पाय मागू नकोस, आधी माझ्यासाठी ताट वाढ आणि मला तिच्यासमोर बसवून पोटभर जेवायला लाव. मग ती आपणहून पाय पुढे करेल.

तुझाच, दोन्ही वेळा जेवायला तयार असलेला,
बाबा