आडनावं गाळलेली हजेरी

सर, तुमच्यावर पिक्चर निघाला. म्हणजे निघायचा होता. मी लिहिला होता, सांगलीच्या आपल्या कॉलेजवर, आपल्या होस्टेलच्या मेसवर. आता तो सगळीकडे लागलाय, पण त्यात तुम्ही कुठं आहात ते मलाच शोधावं लागतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तक्रार करायला अजून तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

तुमची हजेरी आठवते. तुमच्या आधीचे सर आडनावासकट पुकारायचे आणि काही आडनावं आली की पुढच्या बाकांवरच्या माना सावकाश मागं वळायच्या. तुम्ही आल्या दिवसापासून नुसती नावं घेतलीत. एकाच नावाच्या दोन मुली निघाल्या, तर एक खिडकीची झाली, एक दाराची. मी एकदा नव्या मुलीला आडनाव विचारलं, तर खडू खाली ठेवून म्हणालात, "का गं, सोयरीक जुळवायची हाय व्हय?" सगळा वर्ग हसला. मी कितीतरी दिवस तुमच्यावर धुमसत होते. मग मेसमध्ये पहिल्या पंगतीला बसला म्हणून मागच्या बाकावरच्या एका मुलाला पुढच्या बाकांवरच्या पोरांनी ताटावरून उठवून मारलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच जागेवर ताट घेऊन बसलात आणि त्याला शेजारी बसवलंत. चौकशीत मात्र मारणाऱ्यांची नावं तुम्ही आडनावासकट सांगितलीत, आयुष्यात तेवढी एकदाच. तुमची विट्याला बदली झाली ती त्यापायीच.

शूटिंगला माधवनगरच्या पुढचं एक कॉलेज मिळालं. सुरुवातच हजेरीच्या सीननं. निर्माते खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, तेवढी आडनावं काढा. उगं लफडं नको. आणि तुमचे सर तरी कुठं घ्यायचे आडनावं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, सर. तुम्ही आडनावं गाळलीत ती मार खाणाऱ्याला जपायला, आणि हे मारणाऱ्याला झाकत होते. मी ओरडून सांगितलं, आधीच्या सरांनी आडनावं पुकारलीच नाहीत, तर आमच्या सरांनी ती सोडली हे लोकांना कळणार कसं? दिग्दर्शक पुण्याचा पोरगा. म्हणाला, "चेहऱ्यावर घेऊ ना, मॅडम." चेहऱ्यावर काय घेणार, कपाळ?

आडनावं गेली तशी जातही गेली. मग मारामारीला कारण पाहिजे, म्हणून मध्ये एक मुलगी आणली. तुमची सायकल जाऊन बुलेट आली. तुम्हाला माजी फौजी केलं, मिशीला पीळ दिला. मेसच्या सीनला गर्दी म्हणून होस्टेलची खरीखुरी पोरं बसवली होती, सगळी एका पंगतीत, हसतखेळत. जेवणाची सुट्टी झाली, कॅमेरा बंद झाला आणि तीच पोरं आपली उठून दोन वेगळ्या ठिकाणी जेवायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं. मी दिग्दर्शकाला दंडाला धरून दाखवलं, "हे घे की रे, हाच तर पिक्चर आहे!" तो म्हणाला, उजेड जाईल मॅडम, जेवून घ्या.

तुमच्या मागं काकू मेढ्याला एकट्याच राहतात. दर सणाला फोनवर विचारायच्या, "आमच्या ह्यांचा पिच्चर कवा लागणार गं?" मी त्यांना नेणारच नव्हते, पण त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. शेवटी गाडी करून साताऱ्याला थिएटरात घेऊन गेले. नवी इरकल नेसून आल्या होत्या. पडद्यावर बुलेटवाला येतो, पोरांना दम देतो, भाषण ठोकतो, मागं शिट्ट्या पडतात. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेय, काकूंकडं बघायची हिंमत नाही. बऱ्याच वेळानं त्या माझ्या कानाशी वाकतात. "लय लांबलं गं. आमचे हे कवा यायचे ह्यात?"

हे पत्र टाकायचं नाहीच, टाकणार तरी कुठं? पण काकूंना मी काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक असावं. मी म्हटलं, "इंटरव्हलनंतर येतात, काकू." त्यांनी मान हलवली आणि पदर सावरून सरळ बसल्या, तुम्ही येणार म्हणून.