हळद्याच्या घरट्यापुढची फांदी

९ एप्रिल, गुरुवार

सरांवर माझा विश्वास उडालाय. लिहून टाकलं एकदाचं!

त्यांचं पक्ष्यांच्या फोटोंचं पुस्तक पुन्हा चाळलं. प्रत्येक घरट्यावर असं नेमकं ऊन कसं? एकही पान आड येत नाही? त्यांच्याकडे फोटोग्राफी शिकणाऱ्या आम्हाला मात्र पहिल्याच दिवशी दटावलं होतं — “घरट्याजवळचं पानसुद्धा हलवायचं नाही. उघडं पडलं की कावळे पिल्लं नेतात.” मग यांचीच झाडं एवढी शहाणी कशी?

याच माणसाचं बोलणं ऐकून मी विमा कंपनीतली नोकरी सोडली. घरातली पहिली पदवीधर मी! गळ्यात ओळखपत्र घालून निघाले की आई दारात उभी राहायची.

११ एप्रिल, शनिवार

तळ्याकाठी हळद्याचं घरटं सापडलं! तीन पिल्लं. नर पिवळाधमक, चोचीत अळी. पण समोर एक फांदी आडवी — फोटोत नुसती पानं. घरी येऊन आईजवळ खूप कुरकुर केली.

एकटीने जायचं नाही म्हणून बाबा स्कूटरवरून सोडतात आणि तळ्याकडे पाठ करून बसतात. राजीनाम्यापासून माझ्याशी अबोला. आज तर कहर! माझ्यापासून चार हातांवर उभे राहून त्यांनी घरी आईला फोन लावला — “तिला विचार, चिमण्याकावळे काढून झाले असतील तर निघायचं का?”

१३ एप्रिल, सोमवार

शनिवारी सर सगळ्यांचे फोटो बघणार आणि एकालाच वर्षभर कामाला सोबत घेणार. ती मी नसले तर पुन्हा ऑफिस. तिथल्या मॅडमनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवलीय म्हणे. हे मला आईकडून का कळावं?

आणि बाबा हातातलं सुतारकाम टाकून दुपारी कुठे गेले होते? आई म्हणते, “मला काय माहीत!” आईला माहीत नाही असं या घरात काही असतं का? नक्की माझ्या ऑफिसात रदबदली चाललीय.

१४ एप्रिल, मंगळवार

सरांनी सहज विचारलं, “हळद्या कुठल्या झाडावर गं?” सांगितलं. सांगायला नको होतं.

१५ एप्रिल, बुधवार

फांदी नाही!

सकाळचं ऊन थेट घरट्यात. तीन उघड्या चोची आणि वर झुकलेला नर. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता.

निघताना बुंध्याजवळ नजर गेली. काप अगदी सफाईदार. वाऱ्याने फांदी अशी तुटत नाही.

सर!

१७ एप्रिल, शुक्रवार

घरटं रिकामं. वर दोन कावळे. हळद्या या झाडावरून त्या झाडावर ओरडत फिरतोय.

जेवताना आईने विचारलं, “पिल्लं उडाली का गं?” हो म्हटलं.

१८ एप्रिल, शनिवार

सगळ्यांसमोर बोलले. “सर, ती फांदी तुम्ही कापलीत. पिल्लं गेली.”

सर म्हणाले, “मी तळ्यावर गेलोच नाही. मंगळवारी रात्रीपासून तापाने पडून होतो.”

आमच्या वर्गातला दाढीवाला खिदळला — “म्हणजे कापली सरांनी आणि फोटो काढलास तू? चांगली वाटणी आहे!”

“मी हा फोटो पुरावा म्हणून आणलाय.”

“पुरावा?” सरांचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “मग गठ्ठ्यात सगळ्यांत वर का ठेवलास?”

मी फोटो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

“उद्यापासून येऊ नकोस.”

ताप म्हणे! बरा वेळेवर येतो यांना ताप.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी आईने बाबांना सांगितलं — कुठल्याशा फांदीवरून सरांनी हिला काढलं.

बाबांनी रंधा खाली ठेवला. आईकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, “कुठली फांदी? तळ्यावरची? ती मी कापली. पानं आड येतात म्हणून रडत होतीस ना? बारीक करवत नेली होती. घरट्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही.”

मग जरा लाजून — “फोटो तरी चांगला आला ना, बाळा?”

सरांची माफी मागायची तर फांदी कोणी कापली ते सांगावं लागेल, आणि त्याआधी बाबांना पिल्लांचं.