देव्हाऱ्यातला लोखंडी दात

अक्का,

देव्हाऱ्यातला दात मी नेलाय. तू देवळातून येईपर्यंत थांबलो असतो तर तू तो दिला नसतास, आणि माझ्यानं हिसकावून घेववला नसता.

स्वल्प शांतपणे ऐक. भावजींच्या खोदाईच्या मशीनच्या बकेटचे बाकीचे दात झिजून पार बोथट झालेत, माती उचलतच नाहीत. मुकादम म्हणतो, उद्या खोदाई सुरू झाली नाही तर दुसरं मशीन आणतो. नवे दात दिसायला सगळे सारखेच. पण खाच जराशी सैल निघाली की दात खुळखुळतो आणि त्याला धरणारी खिळी तुटते. जुना दात दुकानात नेऊन ताडून बघितल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, हे भावजींचंच सांगणं. म्हणून तर त्यांनी हा काढून आणला होता. मध्ये आयुधपूजा आली. मशीन लांब देवनहळ्ळीला, तेव्हा त्याच्या वतीनं हा दातच देवापुढं मांडला. दुसऱ्या दिवशी दुकानात जायचं होतं. पहाटेच त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते गेले. तू ती पूजा अजून उचलली नाहीस.

मी कधी काही बोललो का? आजही बोलत नाही. संध्याकाळी दात परत आणून देतो. वरच्या कुंकवाला हात लावणार नाही.

पण आत खाचेत माती घट्ट बसली होती, भावजींनी शेवटची खणलेली. ती काढल्याशिवाय माप लागलं नसतं. खरडावीच लागली गं. फेकली नाही. कागदात बांधून दाताच्या जागी ठेवलीय. आजचं कुंकू तिला वाहा.

रघुजी