अर्धा चमचा तूप

जबलपूर, ७ जानेवारी १९७२, संध्याकाळ

लढाई संपली, आजपासून यांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतला ओव्हरटाइम बंद. हे पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. मला हसू आलं, तर म्हणाले, "काहून हसून राहिली?"

हसू नको तर काय करू? लढाईचं काम वाढलं तेव्हाच मी नेम केला होता, चूल साध्या पगारावर चालवायची, ओव्हरटाइमचा पैसा घरात शिजवायचा नाही. शेजारी रेडिओ आला, आमच्या वरणावर तूप अर्धाच चमचा. जाऊबाई चारचौघांत बोलल्या, "इतका पैसा येऊन राहिला, अन् तूप मोजून!" फार लागलं. खरंच का मी कंजूष? कितीदा तरी मनाला विचारलं.

आज हिशेबाची वही यांच्यापुढे ठेवली. तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या प्लॉटचे हप्ते फिटले, गहाण पाटल्या घरी आल्या, कोणाचं एका पैशाचं देणं नाही. हे ओळीओळीवर बोट ठेवत वाचत होते.

"अच्छा! मग उद्यापासून ताटातलं काय कमी होईल?"

"काहीच नाही."

जेवताना यांच्या वरणावर चमचा काठोकाठ भरून तूप सोडलं. हे दचकलेच. "अगं, आजच तर ओव्हरटाइम बंद झाला!"

"म्हणूनच. आज माझा नेम सुटला," म्हटलं, आणि दुसरा चमचा माझ्या ताटात घेतला.