मेली नाही, निजलीय

प्रिय दादा,

वहिनीच्या जेवणावरून तुला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला हे कळायचं नाही.

भाद्रपदात तू आम्हाला सोडून गेलास. दिवाळीच्या तोंडावर मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला, तू प्राणिशास्त्र शिकवायचास त्या कॉलेजची पाटीसुद्धा बदलली. वहिनी मात्र माधवनगरच्या त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. मनगटं बघवत नव्हती रे तिची.

आईने शिरा केला, खीर केली. शेजारच्या भाभी मावा-बाटी घेऊन आल्या. "मीठा खिलाओ, ताकत आएगी." मीही चमचा घेऊन मागे लागायचे.

परवा आई वैतागून म्हणाली, "मेली काही खातच नाही गं!" दोघींनाही तुझ्या माश्या आठवल्या.

एका थंडीत तुझ्या प्रयोगाच्या बरणीतल्या माश्या हलेनात. एरवी पायाला साखरेचं पाणी लागलं की लगेच सोंड बाहेर! तू एकीच्या पायाला लावून पाहिलंस, काही नाही. आई म्हणाली, मेली, फेकून दे. तू केवढा चिडलास! "मेली नाही, निजलीय. तिला आत्ता भूकच नाही. दिवस मोठे होऊ देत."

आणि बबी पोटात असताना वहिनी पेढ्याला हात लावेना, तेव्हा काय सांगितलंस? पोटात अंडी वाढत असली की माशीही साखर सोडून मांसाच्या रसाकडे धावते! सुनेला माशी म्हटलंस, वर घरात मांसाचं नाव काढलंस, म्हणून आईने अबोला धरला. वहिनी पोट धरून हसत होती. माश्यांचं एवढं सांगितलंस, हिचं काहीच कसं सांगून गेला नाहीस?

मग मी ताट नेणंच बंद केलं. संक्रांत झाली, ऊन जरा चढलंय. आज वहिनीला नुसतं गच्चीवर आणून बसवलं. बबी तिथेच खेळत होती. बऱ्याच वेळाने वहिनीच म्हणाली, "पोह्यांवर घालायचा जीरावन मसाला संपला का गं?"

आई जिन्यातच थबकली. पदराने डोळे पुसले आणि पोहे भिजवायला वळली. जाताना पुटपुटली, "निजलीच होती मेली."

दादा, यापुढे या घरात वहिनीला कुणी 'खा, खा' करणार नाही, ते माझ्याकडे लागलं. आणि तुझ्या खिडकीत यंदा निजलेल्या माश्या थंडी सरेपर्यंत कुणाला झाडू देणार नाही.

तुझी,
कुसुम